रोज जोरात धावूनही वेळ का कमी होत नाही?

हा लेख माझ्या एका चुकीपासून सुरू होतो.

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये माझी तीन हजार मीटरची वेळ होती १० मिनिटे ५२ सेकंद. मार्चमध्ये पुन्हा वेळ घेतली, तेव्हाही १० मिनिटे ५२ सेकंद. मधल्या काळात मी काही आळस केला नव्हता. आठवड्यातून चार दिवस धावायचो ते सहा दिवस केले. पाच किलोमीटरचे आठ किलोमीटर केले. रोज घामाघूम होऊन हॉस्टेलवर परतायचो आणि आज चांगली मेहनत झाली, असं स्वतःला सांगायचो. फेब्रुवारीत नडगीचं हाड दुखायला लागलं. मी ते कोणाला सांगितलं नाही. क्रॉसकंट्रीच्या दिवशी आमच्या हाऊसला माझ्याकडून पहिल्या दहांत येण्याची अपेक्षा होती. मी एकोणिसावा आलो. ढाल चार गुणांनी गेली. कोणी मला काही बोललं नाही, पण त्या रात्री मेसमध्ये माझ्या टेबलावर फार शांतता होती.

त्यानंतर उस्तादांनी माझी धावण्याची वही मागितली. त्यांनी पानं उलटली आणि एकच प्रश्न विचारला, की यात सोपा दिवस कोणता आणि अवघड दिवस कोणता? मला उत्तर देता आलं नाही. सगळे दिवस सारखेच होते. रोज किलोमीटरला साधारण साडेचार मिनिटे. फार हळू नाही, फार जोरातही नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मी भिलाईला घरी आलो. माझे आजोबा अमरावती जिल्ह्यातून इथे पोलाद कारखान्यात नोकरीला आले आणि रेल मिलमधून निवृत्त झाले. मी पहाटे पायाला क्रेप बँडेज बांधताना त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "काय रे, रोजच पळून पळून जीव काढतं का? मिलमधला रूळही लाल निघाल्यावर आधी थंड व्हाले पडून राह्यते. तुले थंड व्हाले टाइम कोन देते?"

उस्तादांचा प्रश्न आणि आजोबांचा प्रश्न एकच होता. सुट्टीत मी त्याचं उत्तर शोधलं. जे वाचलं, समजून घेतलं आणि करून पाहिलं, ते इथे मांडतो आहे.

आधी हे कोणासाठी आहे ते पाहू

या लेखातला विषय आहे तीव्र इंटरव्हल प्रशिक्षण. म्हणजे थोडा वेळ खूप वेगाने धावायचं, मग थोडी विश्रांती, पुन्हा वेगाने, पुन्हा विश्रांती. हे नव्याने धावायला लागलेल्यांसाठी नाही. जो कॅडेट किमान तीन-चार महिने, आठवड्यातून तीन-चार वेळा, न दुखता अर्धा तास धावतो आहे, त्याच्यासाठी हे आहे. सहावी-सातवीच्या छोट्या मित्रांनी अजून नुसतं धावावं, खेळावं. त्यांची वेळ नुसत्या धावण्यानेच सुधारते.

ती का सुधारते, हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं.

सुरुवातीला सगळं का जमतं

आपण धावायला सुरुवात केली की शरीरात पहिल्या काही महिन्यांत बरेच बदल होतात. रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं. हृदय एका ठोक्यात आधीपेक्षा जास्त रक्त बाहेर ढकलतं. स्नायूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पेशींमधल्या तंतुकणिका, ज्यांना आपण विज्ञानाच्या पुस्तकात पेशीचं ऊर्जाकेंद्र म्हणतो, त्या संख्येने आणि आकाराने वाढतात. थोडक्यात, हवेतला ऑक्सिजन स्नायूपर्यंत नेणारी सगळी साखळी मजबूत होते.

एका मिनिटात शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते मोजता येतं. त्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे मिनिटाला किती मिलिलीटर, असा तो आकडा असतो. नियमित व्यायाम न करणाऱ्या तरुणाचा आकडा साधारण चाळीस ते पंचेचाळीसच्या आसपास असतो. जगातल्या उत्तम लांब पल्ल्याच्या धावपटूंचा सत्तर-ऐंशीपर्यंत जातो.

नवख्याचा हा आकडा कोणत्याही धावण्याने वाढतो. पण काही महिन्यांनी शरीर त्या कामाला सरावतं. रोज तेच अंतर, तोच वेग. हृदयाला आणि स्नायूंना नवीन काही करावंच लागत नाही, मग ते बदलतील कशाला? आता अंतर आणखी वाढवलं तर थकवा वाढतो, पण वेळ तिथेच राहते. चांगल्या तयारीच्या खेळाडूंवर झालेल्या अभ्यासांतूनही हेच दिसलं आहे. त्यांच्या मध्यम वेगाच्या धावण्यात नुसती भर घातली तर फारसा फरक पडत नाही. त्यातला थोडा भाग खऱ्या अर्थाने तीव्र केला, तर पडतो. माझे सात महिने का वाया गेले, हे मला इथे कळलं.

जोरात धावल्यावर नवीन काय होतं

एक म्हणजे, हृदय त्याच्या कमाल क्षमतेच्या जवळ काम करतं. सावकाश धावताना ते कधीच तिथे पोचत नाही.

दुसरं, आपल्या स्नायूंत संथ तंतू आणि वेगवान तंतू असे दोन्ही असतात. आरामात धावताना मुख्यतः संथ तंतू काम करतात. वेगवान तंतू बराकीत झोपलेल्या राखीव तुकडीसारखे असतात, मोठी गरज पडल्याशिवाय त्यांना बोलावणं जात नाही. वेग वाढला की त्यांनाही यावं लागतं आणि त्यांचाही सराव होतो. शर्यतीच्या शेवटच्या फेरीत हीच तुकडी उपयोगी पडते.

तिसरं लॅक्टेटविषयी. वेग खूप वाढला की स्नायूंत लॅक्टेट साचतं आणि त्याबरोबर आम्लता वाढते. पाय जड होतात. लॅक्टेट म्हणजे विष, असं आपल्याकडे अनेक जण समजतात. ते खरं नाही. शरीर त्याचा इंधन म्हणून पुन्हा वापर करतं. दुसऱ्या दिवशी जे अंग दुखतं तेही लॅक्टेटमुळे नाही, तर स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे. तीव्र सरावाने ही आम्लता सहन करण्याची आणि लॅक्टेट लवकर वापरण्याची ताकद वाढते.

मग तुकडे कशाला करायचे? सलगच जोरात का धावू नये?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

ज्या वेगाला आपला ऑक्सिजनचा वापर कमाल होतो, तो वेग सलग टिकवायचा म्हटलं तर बहुतेक धावपटू पाच-सहा मिनिटांत संपतात. त्यातही पहिली मिनिट-दोन मिनिटे हृदय आणि फुप्फुसं वर चढण्यात जातात. म्हणजे खरा फायदा तीन-चार मिनिटांचाच. तोच वेग ३० सेकंद धावून ३० सेकंद संथ पळत केला, तर पंधरा-वीस वेळा करता येतो. संथ ३० सेकंदांत स्नायूंना उसंत मिळते, पण ऑक्सिजनचा वापर तेवढ्यात पूर्ण खाली येत नाही. पुढचा तुकडा वरूनच सुरू होतो. त्यामुळे कमाल पातळीजवळ घालवलेला एकूण वेळ दुपटीहून जास्त होऊ शकतो. त्रास तेवढाच, काम दुप्पट. इंटरव्हलचं गणित एवढंच आहे.

ही पद्धत आली कुठून

१९३० च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर नावाचे प्रशिक्षक होते. हृदयाचे डॉक्टर हर्बर्ट राइनडेल यांच्याबरोबर त्यांनी नाडीवर चालणारी पद्धत बसवली. धावून नाडी १८० पर्यंत न्यायची, ती १२० वर आली की पुढचा तुकडा सुरू करायचा. नाडी वेळेत खाली आली नाही, तर त्या दिवशी सराव थांबवायचा. त्यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला.

दुसरं नाव एमिल झाटोपेक. हा चेकोस्लोव्हाकियाच्या सैन्यात होता आणि लष्करी बूट घालून बर्फातही सराव करायचा. त्याचा नेहमीचा सराव म्हणजे ४०० मीटरच्या वीस फेऱ्या आणि त्यांच्या आधी व नंतर २०० मीटरच्या पाच-पाच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन ही तिन्ही सुवर्णपदकं जिंकली. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता.

पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती रॉजर बॅनिस्टर यांची गोष्ट. ते वैद्यकीय शिक्षण घेत होते, त्यामुळे सरावाला वेळ थोडा मिळायचा. त्यांचा मुख्य सराव होता ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या, प्रत्येकीनंतर दोन मिनिटे विश्रांती. लक्ष्य होतं प्रत्येक फेरी ६० सेकंदांच्या आत. महिन्यांमागून महिने त्यांची वेळ ६६ सेकंदांवरून ६१ पर्यंत आली आणि तिथेच अडकली. तेव्हा त्यांनी काय केलं? आणखी जोर लावला नाही. मित्राबरोबर काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत चढाईला गेले आणि धावणं बंद ठेवलं. परत आल्यावर त्याच दहा फेऱ्या ५९ सेकंदांत झाल्या. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डमध्ये ते एक मैल ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत धावले. चार मिनिटांच्या आत मैल धावणारे ते पहिले. मी अडकलो होतो तेव्हा दोन दिवस जास्त धावायला लागलो. ते अडकले तेव्हा थांबले.

आपल्या मातीतला धडा

आता आपल्या सैन्यातलं उदाहरण. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे. शेतकरी कुटुंब, शाळा सहा किलोमीटरवर, जायला बस नाही. बारावीनंतर ते महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. २०१५ मध्ये, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या आसपास, ते सैन्याच्या क्रॉसकंट्रीतून स्पर्धेच्या धावण्याकडे वळले. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना ३,००० मीटर स्टीपलचेसकडे आणलं. या शर्यतीत साडेसात फेऱ्यांत २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याची उडी असते. प्रत्येक अडथळ्याला लय मोडते आणि पुन्हा वेग पकडावा लागतो. नुसत्या एका लयीत धावणाऱ्याचं इथे काम नाही.

२०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. तो ३७ वर्षं टिकला होता. पुढे ते स्वतःचाच विक्रम मोडत गेले. टोकियो ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० आणि रौप्यपदक. सुवर्ण जिंकणारा केनियाचा अब्राहम किबिवोट फक्त ०.०५ सेकंदांनी पुढे होता. त्याआधीच्या सहा राष्ट्रकुल स्पर्धांमध्ये या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानेच नेली होती. २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१.

ही वही म्हणून वाचा. २०१८ ते २०२४ या सहा वर्षांत १९.८९ सेकंदांची सुधारणा. साडेसात फेऱ्यांत वाटली तर फेरीमागे अडीच सेकंदांहून थोडी जास्त. म्हणजे वर्षाला फेरीमागे अर्ध्या सेकंदाहूनही कमी! देशातला सर्वोत्तम धावपटू वर्षाला फेरीमागे अर्धा सेकंद मिळवण्यासाठी झटतो, आणि मी सात महिन्यांत काही झालं नाही म्हणून पाय मोडून घ्यायला निघालो होतो. शरीर जितकं तयार, तितकी पुढची सुधारणा बारीक आणि तितकं नियोजन काटेकोर हवं.

आपल्यासारख्याच वातावरणात घडलेलं आणखी एक नाव म्हणजे कविता राऊत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या. प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली नाशिकला त्यांनी सराव केला. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य त्यांनी मिळवलं.

आपला वेग कसा काढायचा

महागड्या घड्याळाची गरज नाही. ४०० मीटरचा ट्रॅक, शिट्टी आणि एक मित्र पुरे.

चांगलं वॉर्मअप करून सहा मिनिटांत जास्तीत जास्त किती अंतर कापता येतं ते मोजा. वेग पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा ठेवा. त्या अंतराला सहाने भागा. मिळालेला आकडा, म्हणजे मिनिटाला मीटर, हा तुमच्या कमाल ऑक्सिजन वापराच्या वेगाच्या बराच जवळ असतो.

माझं उदाहरण देतो. मी सहा मिनिटांत १,७०० मीटर धावलो. म्हणजे मिनिटाला २८३ मीटर. त्या वेगाने ४०० मीटरला सुमारे ८५ सेकंद, २०० मीटरला सुमारे ४२ सेकंद, १,००० मीटरला ३ मिनिटे ३२ सेकंद लागतात. हे तीन आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. यापेक्षा जास्त जोरात धावायचं नाही, हे मुद्दाम लाल शाईने लिहिलं.

लाल शाईचं कारण आहे. पहिल्या दिवशी मी आकड्याकडे दुर्लक्ष केलं. आठ फेऱ्या करायच्या होत्या. माझ्या वेळा अशा आल्या: ७६, ७८, ८३, ८८, ९३. पाचवीनंतर मी गवतावर पडलो. पुढच्या आठवड्यात ८५ चा आकडा धरला. आठही फेऱ्या ८४ ते ८६ च्या आत झाल्या आणि संपल्यावर मी चालत घरी गेलो. पहिल्या दिवशी दमलो जास्त, पण काम कमी झालं.

तीन सराव

प्रत्येक सरावाआधी १५ मिनिटे संथ धावणं आणि नंतर १० मिनिटे संथ धावणं. हे सोडायचं नाही.

१. तीस-तीस. ३० सेकंद वेगात, ३० सेकंद संथ. असे दहा. मग चार मिनिटे सावकाश पळून पुन्हा दहा. सुरुवात यानेच करा, कारण पायांवर एकदम भार येत नाही.

२. चारशेच्या फेऱ्या. ४०० मीटर ठरलेल्या वेगाने, मग २०० मीटर संथ. सहापासून सुरू करून आठपर्यंत जा.

३. चार-चार मिनिटे. चार मिनिटे जोरात, तीन मिनिटे संथ, असे चार वेळा. इथे वेग वरच्या आकड्यापेक्षा थोडा कमी ठेवायचा. तुकडा संपताना एखाद-दुसऱ्या शब्दापलीकडे बोलता येत नाही, पण आणखी अर्धा मिनिट धावता आलं असतं असं वाटलं पाहिजे.

तिन्हींना एकच नियम. शेवटचा तुकडा पहिल्याच्या वेगाने झाला पाहिजे. ४०० मीटरमध्ये वेळ तीन सेकंदांहून जास्त घसरली, तर त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवा. गेर्शलर नाडी बघून जे करत, तेच आपण घड्याळ बघून करायचं.

सोपा दिवस सोपाच हवा

मला वाटतं, हा भाग इंटरव्हलपेक्षाही अवघड आहे.

जगातल्या उत्तम सहनशक्तीच्या खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी पाहिल्या, तर साधारण पाचातले चार सराव सोपे आणि एक तीव्र असं प्रमाण पुन्हा पुन्हा दिसतं. आपण सहसा उलटं करतो. सोप्या दिवशी मित्राशी शर्यत लावतो, मग अवघड दिवशी पायांत दम उरत नाही. दोन्ही दिवस मधल्यामध्ये अडकतात. माझी सात महिन्यांची वही म्हणजे याचाच नमुना होती.

सोप्या धावण्याची कसोटी साधी आहे. शेजारच्याशी न थांबता चार-पाच वाक्यं बोलता आली पाहिजेत. बोलता बोलता श्वास तुटला, तर वेग जास्त आहे. मी आता सोप्या दिवशी किलोमीटरला साडेपाच मिनिटे घेतो. सुरुवातीला लाज वाटायची, कारण भिलाईत सकाळी फिरायला येणारे काका मागून येऊन पुढे निघून जायचे. एकदा आजोबा फाटकात उभे होते. म्हणाले, "आता कसं, मानसासारखा धावून राह्यला."

माझा आठवडा असा असतो. सोमवारी ४० मिनिटे सोपं. मंगळवारी इंटरव्हल. बुधवारी धावणं नाही. गुरुवारी ३५ मिनिटे सोपं. शुक्रवारी दुसरा इंटरव्हल, तोही पाय ताजे असतील तरच, नाहीतर सोपं. शनिवारी फक्त ड्रिल आणि खेळ. रविवारी एक तास सोपं. दोन तीव्र सरावांत निदान ४८ तास जातील असं पाहतो. परेडचा सराव जास्त असेल तेव्हा इंटरव्हल कमी करतो, कारण सिमेंटवर बूट आपटल्याचा भार नडगीवर येतोच, तो वहीत लिहिला नाही म्हणून नाहीसा होत नाही.

रोज सकाळी अंथरुणातच एक मिनिट नाडी मोजतो. माझी नेहमी ५८ च्या आसपास असते. फेब्रुवारीतल्या वहीत ६६, ६८, ७० असे आकडे आहेत. शरीर सांगत होतं, मी फक्त लिहून ठेवत होतो. आता नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त दिसले की त्या दिवशी इंटरव्हल नाही.

पालकांनी आणि आपण सगळ्यांनी लक्षात ठेवायचं

आपल्या वयात हाडं वाढत असतात. स्नायू दुखणं वेगळं आणि हाडावर एका जागी बोट ठेवल्यावर दुखणं वेगळं. दुसऱ्या प्रकारचं दुखणं लपवू नका. मी लपवलं, त्यात माझं नुकसान झालंच, हाऊसचंही झालं. ते त्याच दिवशी सांगितलं असतं, तर माझ्या जागी दुसरा ताजा मुलगा धावला असता.

ताप, सर्दी-खोकला, जुलाब असताना इंटरव्हल करायचा नाही. छातीत दुखणं, धावताना भोवळ येणं, घरात कोणाला लहान वयात हृदयविकार असणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आपल्याकडचा उन्हाळा तर सगळ्यांना माहीतच आहे. भिलाईत मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो. मी पहाटे पाचला सुरू करून सहाच्या आत, फर्स्ट शिफ्टच्या स्कूटरी रस्त्यावर असतानाच संपवायचो. चक्कर, मळमळ, अंगावर काटा येणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काही दिसलं तर लगेच थांबा, सावलीत जा, अंगावर पाणी ओता आणि मोठ्यांना सांगा. मित्राला असं झालं तर त्याला एकटं सोडू नका.

आणि झोप. शरीरात जे बदल हवे असतात ते धावताना होत नाहीत, धावल्यानंतर झोपेत आणि जेवणातून होतात. लाइट्स आउटनंतर पांघरुणात टॉर्च लावून कादंबरी वाचणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, हे विशेष लक्षात घ्यावं.

शेवटी निकाल

जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी असा सराव केला. आठवड्याचं एकूण अंतर आधीपेक्षा कमी होतं. सप्टेंबरमध्ये तीन हजार मीटरची वेळ आली १० मिनिटे ३४ सेकंद. अठरा सेकंद कमी. सगळं श्रेय इंटरव्हलला देणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. या काळात माझी उंचीही दोन सेंटीमीटर वाढली आणि नडगीला विश्रांती मिळाली. पण एक गोष्ट खात्रीने सांगतो. आता कोणी वही मागितली आणि सोपा दिवस कोणता, अवघड कोणता असं विचारलं, तर मी प्रत्येक पानावर बोट ठेवून दाखवू शकतो.

क्रॉसकंट्री अजून व्हायची आहे. आमच्या हाऊसमधले सहा जण आता मंगळवारी एकत्र चारशेच्या फेऱ्या करतो, आणि गुरुवारी गप्पा मारत हळू पळतो. ढाल परत येईल की नाही ते त्या दिवशी कळेल. या वेळी निदान कोणी दुखरा पाय लपवून सुरुवातीच्या रेषेवर उभा राहणार नाही, एवढं आम्ही एकमेकांना कबूल केलं आहे.

जय हिंद!

(इयत्ता दहावीचा एक कॅडेट)